उंबरठ्याआडचा समुद्र

जाळं बघून मला आधी हसूच आलं. लांबी चाळीसेक मीटर, आस दीड सेंटिमीटरचा आणि ओढायला माणसं दोन. आमच्या देवबागच्या किनाऱ्यावर रापण लागली की दोन्ही दोरांना मिळून साठ-सत्तर माणसं लागतात. वाटेनं जाणारा पाहुणाही दोराला हात लावतो आणि आपला वाटा पिशवीत घालून घरी जातो. इथे, नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर आरेंडालजवळच्या एका फियॉर्डात, नारिंगी रबरी विजारी घातलेली दोन माणसं खडकावर पाय रोवून ती पोरखेळातली रापण ओढत होती. साल १९९८, महिना सप्टेंबर. बर्गन विद्यापीठात मत्स्यविज्ञान शिकायला जाऊन मला वर्ष झालं होतं आणि आठवडाभर हे काम बघून ये म्हणून मला तिकडे धाडलं होतं.

जाळ्यात आलं ते एका घमेल्यात मावलं. बोटभर लांबीची कॉडची पिल्लं, थोडी पोलॅकची, खडकातले हिरवट-तांबूस रॅस मासे, दोन-चार खेकडे, बाकी शेवाळ. कॉडचं प्रत्येक पिल्लू पट्टीवर ठेवून मोजलं. होडीतल्या माणसानं तळाला काच लावलेला डबा पाण्यात दाबून समुद्राच्या तळाकडे पाहिलं आणि तिथे गवत किती आहे ते सांगितलं. दुसऱ्यानं वहीत लिहून घेतलं. मासे पाण्यात सोडले, जाळं धुतलं आणि होडी पुढच्या ठरलेल्या जागी निघाली. पुढची जागाही ठरलेली, जाळं टाकायची पद्धतही ठरलेली. संध्याकाळी मी घरी फोन लावला आणि बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "एवढ्याशा माशांसाठी रापण कित्याक ओढतत?"

परदेशी फोनच्या तीन मिनिटांत त्याचं उत्तर देता आलं नाही. आज सविस्तर देतो.

ही छोटी रापण १९१९ सालापासून दर शरद ऋतूत ओढली जाते. दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं सोडली तर खंड नाही. त्याच जागा, तसंच जाळं, तेच महिने. मुळात हे जाळं एका भांडणातून आलं.

एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या सरकारला एक कोडं पडलं होतं. कॉड एका वर्षी भरभरून मिळतो आणि दुसऱ्या वर्षी गायब होतो, असं का? १८६४ साली गेओर्ग ओसियान सार्स या तरुण शास्त्रज्ञाला त्याचा छडा लावायला उत्तरेला लोफोतेनच्या बेटांवर पाठवण्यात आलं. तिथे त्याला कॉडची अंडी चक्क पाण्याच्या वरच्या थरात तरंगताना सापडली. तोवर माशाची अंडी तळाशी चिकटून राहतात असंच लोक धरून चालत. हेरिंगची तशी राहतातही. अंडी तरंगतात म्हटल्यावर ती गोळा करणं, उबवणं, पिल्लं समुद्रात सोडणं हे सगळं शक्य वाटू लागलं. १८८२ साली गुंडर मॅथिसेन डॅनेविग नावाच्या जहाजाच्या कप्तानानं आरेंडालजवळ फ्लोडेविगनला कॉडची अंडी उबवण्याचं केंद्र काढलं आणि तिथून दरवर्षी कोट्यवधी पिल्लं फियॉर्डांमध्ये सोडायला सुरुवात केली.

योहान योर्ट या जीवशास्त्रज्ञाला हे पटेना. कॉडची एकच मादी लाखोंनी अंडी घालते, त्यात माणसानं भर घालून असा काय फरक पडणार? उधाणाच्या वेळी समुद्रात घागर उपडी करून पाणी किती चढलं ते बघण्यासारखंच ते. कप्तान हटेना, शास्त्रज्ञ हटेना. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरलं की पिल्लं सोडलेल्या आणि न सोडलेल्या फियॉर्डांमध्ये किनाऱ्यालगत जाळं ओढायचं आणि पिल्लं मोजायची. निकालाचा अर्थ दोघांनी आपापल्या सोयीनं लावला, हे सांगायला नकोच. पुढे डॅनेविग घराण्यातल्याच आल्फनं १९१९ पासून ही मोजणी नियमित सुरू केली. पिल्लं सोडण्याचा उद्योग १९७१ साली बंद झाला. जाळं मात्र राहिलं.

योर्टनं दुसरीकडे आणखी मोठं काम केलं. झाडाच्या बुंध्यासारखी माशाच्या खवल्यावरही वर्षागणिक वळी उमटतात. ती मोजून त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जाळ्यातल्या हेरिंगची वयं काढली, आणि दिसलं असं की वर्षानुवर्षं पकडीत एकाच पिढीचा भरणा आहे: १९०४ साली जन्मलेल्या माशांचा. म्हणजे मासा रुसून कुठे जात नव्हता. एखाद्या वर्षी पिल्लं जगत आणि तीच पिढी पुढे कित्येक वर्षं कोळ्यांना पोसत असे. १९१४ साली त्यानं हे मांडलं. आज जगात कुठेही मासेमारीचा हिशेब मांडायला बसलात तर पहिला प्रश्न तोच असतो, यंदाची पिल्लं किती?

आता फियॉर्ड म्हणजे काय, तेही नीट सांगायला हवं. शाळेच्या भूगोलात त्याला एक ओळ मिळते: हिमनदीनं कोरलेली आणि समुद्राचं पाणी शिरलेली दरी. पर्यटक बोटीच्या डेकवरून मान वर करून कडे आणि धबधबे बघतो. खरी गंमत पाण्याखाली आहे. डोंगरांच्या कुशीत बर्फ जाड होता, वजन जास्त, म्हणून तिथे त्यानं दरी खोल खणली. समुद्राजवळ येता येता हिमनदी पसरली, पातळ झाली, खणायचा जोर सरला. त्यामुळे फियॉर्ड आत खोल असतो आणि तोंडाशी उथळ. सोग्नेफियॉर्ड आत १,३०० मीटरहून खोल आहे. तोंडाशी दोनशे मीटरसुद्धा नाही. आमच्या कर्ली नदीच्या मुखाशीही वाळूची पट्टी साचते, पण ती दर पावसाळ्यात जागा बदलते. इथे तोंडाशी असतो तो खडक. नॉर्वेजियन लोक त्याला 'टेर्स्केल' म्हणतात. टेर्स्केल म्हणजे उंबरठा. घराच्या उंबरठ्यालाही त्यांच्याकडे हाच शब्द आहे, आणि मला तो ऐकताक्षणीच आवडला, कारण फियॉर्डचं सगळं शास्त्र त्यात आहे. बाहेरचं काय आत येणार आणि आतलं किती काळ आतच कोंडून राहणार, हे उंबरठ्याची उंची ठरवते.

वरच्या बाजूला नद्यांचं गोडं पाणी हलकं म्हणून तरंगतं आणि हळूहळू बाहेर सरकतं. त्याच्याखाली खारं पाणी आत येतं. उंबरठ्याच्या पातळीपर्यंत ही ये-जा सुरू असते. त्याखालचं पाणी मात्र विहिरीतल्यासारखं बसून राहतं. बाहेरून त्याहून जड, म्हणजे जास्त खारं किंवा जास्त थंड पाणी उंबरठा ओलांडून आलं तरच ते तळाशी घुसतं आणि जुनं पाणी वर ढकललं जातं. काही फियॉर्डांत हे दरवर्षी होतं, काहींत काही वर्षांनी एकदा, आणि काहींत जवळजवळ कधीच नाही.

तो तिसरा प्रकार मी नाकानं अनुभवला आहे. दक्षिण नॉर्वेत फ्रामवारेन नावाचा फियॉर्ड आहे. आत खोली १८३ मीटर आणि उंबरठा फक्त २ मीटरवर. खोलवरचं पाणी काढायला दोन्ही तोंडं उघडी असलेली बाटली तारेला बांधून खाली सोडतात. ती हव्या त्या खोलीवर पोहोचली की तारेवरून एक पितळी वजन सोडायचं. ते सरसरत खाली जातं, खटका दाबतं आणि बाटलीची तोंडं मिटतात. त्या वजनाचं नाव 'निरोप्या'. मी पहिल्याच खेपेला खटका नीट बसवला नाही. बाटली वाटेतच मिटली आणि पृष्ठभागाचंच पाणी घेऊन वर आली. बोटीवरच्या म्हाताऱ्या खलाशानं तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि एक अक्षर न बोलता पुन्हा विंच सुरू केली. दुसऱ्यांदा बाटली बरोबर आली. तोटी उघडली आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी. हायड्रोजन सल्फाइड! वरचे वीसएक मीटर सोडले तर त्या पाण्यात प्राणवायूच नाही. मासा नाही, शिंपला नाही, फक्त जिवाणू. वर काठावर मात्र टुमदार लाकडी घरं आणि सफरचंदाची झाडं.

बर्गनच्या उत्तरेला दोन फियॉर्ड जवळजवळ आहेत, लूरेफियॉर्ड आणि मासफियॉर्ड. मी असताना विद्यापीठात ज्याच्या त्याच्या तोंडी त्यांचीच नावं होती. दोन्ही साडेचारशे मीटरच्या आसपास खोल, हवामान एक, पाऊसही एकच. (बर्गनचा पाऊस म्हणजे कोकणी माणसालाही कंटाळा आणणारा. आपल्यासारखा कोसळत नाही, पण त्याला चार महिन्यांत आटपायचंही नसतं.) असं असून मासफियॉर्डात मासे भरपूर आणि लूरेफियॉर्डात जेलीफिशचं राज्य. लूरेफियॉर्डात रात्री ओढलेलं जाळं मी पाहिलं आहे. गच्च भरून वर आलं आणि आत मासा म्हणाल तर औषधापुरताही नाही. टोकदार टोपीसारखे तपकिरी-लाल लिबलिबीत गोळे, एकावर एक. पेरिफायला हे त्यांचं शास्त्रीय नाव. त्यांच्या अंगातलं लाल रंगद्रव्य उजेडात त्यांनाच बाधतं, म्हणून दिवसभर ते खोल काळोखात दडून असतात.

एवढा फरक का? मासफियॉर्डचा उंबरठा ७५ मीटरवर आहे आणि लूरेफियॉर्डचा २० मीटरवर. उंबरठा खोल असेल तर बाहेरचं खोलवरचं, अटलांटिकचं नितळ पाणी आत येतं. उथळ असेल तर फक्त किनाऱ्यालगतचं वरचं पाणी येतं, आणि ते नद्यांच्या पाण्यामुळे गढूळसर असतं, उजेड शोषून घेतं. मासा डोळ्यांनी शिकार करतो. जेलीफिशला डोळ्यांची गरज नाही. भक्ष्य अंगाला लागलं की झालं. खोलवर अंधार असेल तिथे मासा उपाशी आणि जेलीफिश मजेत. डाग अक्सनेस, स्टाईन कार्टवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली हा युक्तिवाद आकड्यांसह मांडला. कोण राज्य करणार याचा फैसला खाणं किती आहे यावर नाही, दिसतं किती यावर होतो, असं ते म्हणत होते. मत्स्यविज्ञानात मी वाचलेल्या कल्पनांमध्ये इतकी साधी आणि इतकी देखणी दुसरी नाही.

मासफियॉर्डात संध्याकाळी बोटीवर बसून ध्वनियंत्राचा पडदा बघत राहणं हा माझा आवडता वेळ. दुपारी पडद्यावर दीड-दोनशे मीटरच्या आसपास एक जाड पट्टा दिसतो. उन्हं कलली की तो पट्टा वर सरकू लागतो, आणि अंधार पडेपर्यंत पृष्ठभागाजवळ येतो. हे मॉरोलिकस नावाचे बोटाएवढे चंदेरी मासे, पोटाला प्रकाशाच्या ठिपक्यांची रांग असलेले. स्वतःला भक्ष्य दिसेल एवढा उजेड आणि मोठ्या माशाला आपण दिसणार नाही एवढा अंधार, असा जो थोडा संधिप्रकाशाचा वेळ असतो तेवढ्यात ते जेवून घेतात. पहाटे पुन्हा तेच, उलट्या दिशेनं.

याच मासफियॉर्डात १९८०च्या दशकाच्या अखेरीस डॅनेविगचं जुनं स्वप्न नव्यानं तपासून झालं होतं. या वेळी नुकती फुटलेली अळी नव्हे, तर टाक्यांत वाढवलेली, सशक्त, ओळखू येतील अशी खूण असलेली कॉडची पिल्लं मोठ्या संख्येनं सोडली. ती जगली, तिथल्याच कॉडसारखी खाऊ-पिऊ लागली. पण फियॉर्डातला एकूण कॉड काही वाढला नाही. कारण पुन्हा उंबरठाच. कॉडची पिल्लं खातात ते छोटे मासे, आणि ते मासे खातात ते प्लवंग, बरंचसं बाहेरून पाण्याबरोबर आत येतं. कधी किती येईल हे वारा ठरवतो. पंगतीला पानं वाढवली म्हणून भात वाढत नाही.

मग प्रत्येक फियॉर्डचं घर वेगळं, तर माशांचंही तसंच का? लोफोतेनला हिवाळ्यात येणारा 'स्क्राय' कॉड बॅरेंट्स समुद्रातून शेकडो किलोमीटर पोहत येतो. फियॉर्डातला कॉड घरकोंबडा. दिसायला सारखेच. १९३०च्या दशकात गुन्नार रोलेफसेन यानं त्यांच्या कानातला खडा कापून बघितला, तर आतल्या वळ्यांचा आकारच निराळा. (हा स्क्राय लाकडी मांडवांवर मिठाशिवाय नुसत्या वाऱ्यावर वाळवतात. तो मांडव बघून मला वर्सोव्याचे बोंबील आठवले. वास मात्र बोंबलाइतका मोकळेपणानं येत नाही.) पुढे जनुकं तपासता येऊ लागली, आणि दक्षिण किनाऱ्यावर तीसेक किलोमीटरवरच्या दोन फियॉर्डांतले कॉडही काहीसे वेगळे निघाले. अंडी फियॉर्डाच्या आतच घोटाळत राहतात, उंबरठ्याबाहेर फारशी जात नाहीत. याचा अर्थ कोळ्यांच्या दृष्टीनं गंभीर आहे. एका फियॉर्डातला कॉड संपला तर शेजारचा येऊन जागा भरेलच असं नाही.

आणि तो संपत आला आहे. हे आपल्याला ठामपणे सांगता येतं ते त्या चाळीस मीटरच्या जाळ्यामुळे. १९३०च्या दशकात रोग पडून समुद्री गवत मेलं, तेव्हा त्यात आसरा घेणारी कॉडची पिल्लंही कमी झाली. काचेच्या डब्यातून बघून लिहिलेल्या त्या नोंदींमुळे ते कळलं. गेल्या काही दशकांत जाळ्यात कॉडची पिल्लं घटली आणि रॅस वाढले. मासेमारी, तापलेलं पाणी, शेता-गावांतून वाहून येणारं खत आणि सांडपाणी, असे आरोपी अनेक आहेत आणि खटला चालू आहे. २०१९ च्या जूनपासून स्वीडनच्या सीमेपासून टेलेमार्कपर्यंतच्या किनाऱ्यावर हौशी मंडळींना कॉड पकडायला बंदी झाली. नॉर्वेजियन माणसाला सुट्टीत कॉडचा गळ टाकू नको म्हणणं म्हणजे मालवणी माणसाला श्रावण संपल्यावरही मासे खाऊ नको म्हणण्यासारखं आहे.

सामनबद्दल थोडंच लिहितो, कारण त्याचा डंका आधीच फार. (आपल्याकडे हॉटेलात 'इंडियन सामन' म्हणून वाढतात तो रावस, त्याचं आणि याचं काही नातं नाही.) १९७० साली हित्रा बेटावर ग्रोंट्वेट बंधूंनी तरंगत्या पिंजऱ्यात सामन वाढवून दाखवला आणि फियॉर्डांचा नकाशा बदलला. वाऱ्यापासून आडोसा, थंड पण न गोठणारं पाणी, पिंजऱ्याला याहून काय हवं? पण लाखो मासे एका जागी कोंडले की त्यांच्यावरची ऊही लाखांनी वाढते. तिच्या अळ्या प्रवाहाबरोबर फियॉर्डभर फिरतात आणि वसंतात नदीतून समुद्राकडे निघालेल्या रानटी सामनच्या पिल्लांना चिकटतात. वीसएक ग्रॅमच्या पिल्लाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उवाही जिवावर बेततात. २०१७ पासून सरकारनं किनाऱ्याचे १३ भाग करून सिग्नल लावला आहे. उवांमुळे रानटी पिल्लं किती मरतात याचा शास्त्रज्ञ अंदाज देतात. हिरवा मिळाला तर उत्पादन ६ टक्के वाढवायची मुभा, पिवळ्याला आहे तिथेच, लाल मिळाला तर ६ टक्के कपात करायला लावता येते. तोडगा परिपूर्ण नाही, पण शास्त्रज्ञाच्या आकड्यावर धंद्याची मर्यादा ठरते, एवढं तरी त्यात आहे.

त्यातच मासफियॉर्डच्या तळाशी आता प्राणवायू घटतो आहे. बाहेरचं अटलांटिकचं पाणी तापलं, त्यामुळे हलकं झालं आणि उंबरठा ओलांडून तळापर्यंत जाण्याइतकं जड पाणी पूर्वीसारखं वरचेवर येत नाही. हेही कळलं ते १९७०च्या दशकापासून तिथे बाटल्या सोडून ठेवलेल्या नोंदींमुळेच.

बाबांना उत्तर द्यायचं होतं ते हे. एवढ्याशा माशांसाठी रापण ओढतात, कारण मागच्या वर्षी ओढली होती, आणि त्याच्या मागच्या वर्षीही.

माझे आजोबा देवबागला रापणीचे तांडेल होते. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीच्या वह्या होत्या. तिथी, वाऱ्याची दिशा, रापण कुठे टाकली, बांगडा किती, पेडवे किती, वाटे किती पडले. मोडीतून सुरू झालेल्या आणि पुढे बाळबोधीत लिहिलेल्या. आजोबा गेल्यावर घराची कौलं उतरवून स्लॅब घातला, तेव्हा माळ्यावरचं सगळं रद्दीवाल्याला दिलं. मी तेव्हा बर्गनला होतो, आणि आरेंडालची वही बघून मला आजोबांच्या वह्या आठवेपर्यंत त्यांत सुकट बांधली जाऊन महिने उलटले होते. दोष दुसऱ्या कुणाचा नाही. त्या वह्यांना किंमत आहे हे मत्स्यविज्ञान शिकलेल्या मला आधी सुचायला हवं होतं.

देवबाग, तारकर्ली, आचरा, वेंगुर्ला, तुमच्या घराच्या माळ्यावर अशी वही असेल तर ती टाकू नका. वाळवी लागली असली, निम्मी पानं फाटली असली तरी चालेल. पानापानाचे फोटो काढा आणि रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालयात नेऊन दाखवा.